शेवटची शंभर पानं कुणाच्या हट्टापायी?

सुरसागरकाठची

आपल्या बडोद्याच्या कट्ट्यावर हातोहात फिरणारी ती इंग्रजी प्रेमकादंबरी एकदाची संपवली. ज्यांच्यापर्यंत पोचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: स्कॉटलंडमधलं समुद्रकाठचं गाव. घटस्फोटित नायिका वडिलांची जुनी बेकरी चालवते. वडिलांची किडनी निकामी, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. नायक एडिंबराचा आर्किटेक्ट, कामासाठी गावात आलेला. आधी तूतूमैंमैं, मग प्रेम, मग ताटातूट, मग गोड शेवट. (शेवट फोडला म्हणून रागावू नका, तो मुखपृष्ठावरच कळतो.)

पुस्तक आवडलं आणि रागही तितकाच आला. आवडलं ते एका प्रसंगासाठी. बेकरीत मोठी ऑर्डर असते म्हणून म्हाताऱ्याला डायलिसिसला नायक घेऊन जातो. दोघांचं मुळीच पटत नाही आणि बसायचं चार तास. हा शेजारच्या खुर्चीत शब्दकोडं काढून मुद्दाम चुकीची उत्तरं मोठ्यानं वाचतो, म्हातारा वैतागून बरोबर उत्तरं सांगत सुटतो. शेवटी सुया निघतात. त्या जागी बोळा दाबून धरायचा असतो, पण म्हाताऱ्याचा हात थरथरतो, म्हणून हा आपल्या बोटांनी दाबून धरतो. रक्त थांबेपर्यंत. दोघंही एकमेकांकडे बघत नाहीत. इतकं सरस मी हल्ली कुठेच वाचलं नाही.

आणि मग काय, तर नायकाच्या जुन्या मैत्रिणीचा फोन येतो, नायिका दाराआडून अर्धं वाक्य ऐकते आणि पन्नास पानं रडारड! अहो, खरी अडचण डोळ्यांसमोर उभी आहे ना? त्याची नोकरी एडिंबरात, हिला आठवड्यातले तीन दिवस गाव सोडता येत नाही. लेखिकेनं स्वतःच दोनशे पानं ती रचत आणली आणि ऐन वेळी पाठ फिरवली. शेवटच्या शंभर पानांत डायलिसिसचं नावसुद्धा नाही. म्हातारा बरा झाला की काय?

गरबावेडा

ताई, तुम्ही प्रेमकादंबरी उघडलीत आणि वास्तववाद मागताय. अमेरिकेतल्या प्रेमकथा-लेखकांच्या संघटनेनं व्याख्याच करून ठेवलीय: कथेच्या केंद्रस्थानी प्रेम हवं आणि शेवट समाधानाचा, आशेचा हवा. वाचक त्या खात्रीचे पैसे मोजतो. मिल्स अँड बून ही इंग्रजी प्रकाशनसंस्था १९०८ साली निघाली तेव्हा सगळ्या तऱ्हेची पुस्तकं छापायची. पुढे १९३०च्या दशकात, वर्गणी भरून पुस्तकं नेणाऱ्यांना काय हवंय ते बघून ती प्रेमकथांवर आली. वाचकांनीच घडवलेला प्रकार आहे हा.

आणि ताटातूट येणार हे माहीत असलं म्हणून काय झालं? तीन टाळीच्या गरब्यात तिसरी टाळी कुठे पडणार ते अख्ख्या बडोद्याला ठाऊक असतं. म्हणून नवरात्रात कुणी घरी बसतं?

सुरसागरकाठची

टाळीबद्दल तक्रार नाहीच, पावलाबद्दल आहे. तुम्ही सांगितलेल्या दोन अटींत अर्धवट ऐकलेला फोन कुठे बसतो? ताटातूट हवी तर घ्या की, पण घरातल्या कारणानं घ्या.

मांडवीकर

मी निम्म्यात ठेवून दिली. घटस्फोटित नायिका, लग्नाआधीच सगळं उरकलेलं... ही पाश्चात्त्य थेरं मराठी घरांत कौतुकानं वाचायची गरज काय, ते कळत नाही. आमच्या वेळी मध्यवर्ती ग्रंथालयाच्या त्या काचेच्या फरशीवरून फडके नाहीतर खांडेकर घेऊन यायचो. फडके कलेसाठी कला म्हणायचे, खांडेकर जीवनासाठी कला. या बाईंनी दोनशे पानं खांडेकरांसारखी लिहिली आणि पुढची शंभर फडक्यांसारखी. धड इकडचं ना तिकडचं.

रावपुऱ्याची सून

काका, निम्म्यात ठेवून दिलीत तर शेवटची शंभर पानं कुठून कळली? आणि घटस्फोट पाश्चात्त्य कसा? आपल्या सयाजीराव महाराजांच्या संस्थानात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९३१ सालीच झाला. देशाचा हिंदू विवाह कायदा आला १९५५ साली.

बरं, फडक्यांवर अन्याय नको. त्यांचं तंत्र इतकं पक्कं की बांधलेली गाठच ते सोडवायचे, तिसरीकडून दोरी आणून लोंबकळवायचे नाहीत.

मला मात्र तो फोन पटला. नायिकेच्या पहिल्या नवऱ्यानं तिला वर्षानुवर्षं फसवलं होतं, तेही असंच एका फोनवरून उघडकीला आलं होतं. अशी बाई अर्धं वाक्य ऐकून उरलेलं स्वतःच्या मनानं पुरं करणार, विचारायला थांबणार नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, एक प्रश्न विचारला असता तर मिटलं असतं. तो एक प्रश्नच तोंडातून फुटत नाही, हो.

सुरसागरकाठची

हे पटण्यासारखं आहे. पण त्या पहिल्या लग्नाला लेखिकेनं किती जागा दिलीय बघा: दीड पान, तेही मैत्रिणीच्या तोंडून. जखम एवढी खोल होती तर ती आधी जाणवायला नको का? तुम्ही ती कल्पनेनं भरून काढलीत. ती तुमची हुशारी झाली, लेखिकेची नाही.

गरबावेडा

वाचकानं भरून काढायचं नाही तर मग वाचायचं कशाला? सगळं लेखिकेनंच भरवायचं का?

फतेगंजचा

मी एरवी इथे लिहीत नाही. आमच्या घरी डायलिसिस आहे, आईचं. एक दिवसाआड सकाळी सहाला निघायचं. दिवसाला पाणी किती प्यायचं ते मोजून, टोमॅटो नको, केळी नको, नारळपाणी नको. त्यात हाताच्या फिस्टुलाची, म्हणजे सुया टोचायला शस्त्रक्रियेनं जोडून घेतलेल्या शिरेची काळजी. तो बोळ्याचा प्रसंग शंभर टक्के खरा आहे. मी रिक्षात बसून तो बायकोला वाचून दाखवला.

पण सुरसागरकाठच्या ताई, शेवटच्या पानांत डायलिसिस गायब झालं याचा तुम्हाला राग आला, मला हायसं वाटलं. ते संपत नाही हे मला कुणी सांगायला नको. ती शंभर पानं मला सुटी मिळाली. फोनवरून भांडणारी ती दोघं मला मूर्ख वाटली आणि त्यांचा हेवाही वाटला: यांना भांडायला फुरसत आहे!

सुरसागरकाठची

दादा, तुमच्या सुटीबद्दल मी काय बोलणार? ती तुम्हाला मिळालीच पाहिजे. लेखिकेला मात्र मी सोडणार नाही. तिनं तुम्हाला सुटी द्यायची म्हणून म्हाताऱ्याला वगळलं असतं तर हात जोडले असते. तिला तो अडचणीचा झाला म्हणून वगळला. गोड शेवटच हवा होता तर नायकानं एडिंबराची नोकरी सोडावी की म्हाताऱ्यानं तिथल्या केंद्रात जायला तयार व्हावं, यावर तिघं एकदा टेबलाशी बसली असती. त्यातही प्रेम दिसलं असतं, भांडणही झालं असतं.

गरबावेडा

आणि ते वाचायला तुम्ही एकट्या उरला असता.

फतेगंजचा

मीही उरलो असतो. पण आत्ता नाही.

अलकापुरीतली

एवढं भांडताय म्हणजे वाचायलाच हवी. कुणाकडे आहे सध्या? मी उद्या खंडेराव मार्केटला येतेच आहे.

रावपुऱ्याची सून

माझ्याकडे आहे, घेऊन जा.

सुरसागरकाठची

दोनशे दहा ते दोनशे साठ पानं गाळलीत तरी चालेल.

रावपुऱ्याची सून

मुळीच गाळू नका. आणि काकांना सांगा, तुमच्यानंतर त्यांचा नंबर. पुरी वाचल्याशिवाय त्यांना बोलू द्यायचं नाही.