मदत हवी आहे: भावाला कोरॉइडरेमिया निघालाय, मुलाची टेस्ट करू का?
नमस्कार मंडळी, धाकट्या भावाला कोरॉइडरेमिया (डोळ्याच्या पडद्याचा आनुवंशिक आजार, नजर हळूहळू जाते) निघालाय, वय 29. लहानपणी लाईट गेली की तो भिंत चाचपत चालायचा आणि आम्ही त्याला धांदरट म्हणून चिडवायचो, आता आठवलं की लाज वाटते. समोरचं अजून नीट वाचतो पण बाजूचं दिसतच नाही, ताटाशेजारचं भांडं हमखास लवंडतं. आधी रेटिनायटिस पिगमेंटोसा (पडद्याचाच दुसरा आजार) सांगितलेलं, मग जीन टेस्टमध्ये सीएचएम जीनचा दोष कळला. तो एक्स क्रोमोझोमवर असतो आणि मुलग्याला एक्स आईकडूनच मिळतो, म्हणजे आईकडूनच आलाय (आईच्या वडिलांचीही नजर गेलेली, सगळे मोतीबिंदूच समजत होते).

आता मी कॅरियर (म्हणजे हा दोष बाळगणारी, मुलांना देऊ शकणारी) असण्याचा चान्स 50 टक्के, आणि असले तर मुलाला परत 50. माझा मुलगा 6 वर्षांचा, परवा अंधारात बेडखाली गेलेला बॉल त्याला सापडेना तर माझ्या पोटात गोळाच आला. आधी माझी टेस्ट करू की थेट त्याची? कॅरियर बायकांच्या रेटिनावरही (डोळ्याच्या पडद्यावर) बदल दिसतात ना, कोणाला तपासणीत तसं सांगितलंय का? आणि भावाला मुली झाल्या तर त्या सगळ्याच कॅरियर, हे त्याच्या होणाऱ्या बायकोला कोणी सांगायचं? जेनेटिक काउन्सेलरकडे जाऊन आलेल्यांनी प्लीज लिहा.