सगळी अँटिबायोटिकं फेल, मग झाडपाल्यात औषध शोधायला काय हरकत आहे?

मिरजेचा_नातू
आमच्या अण्णांना शुगर, पायाची जखम दोन महिने भरेना म्हणून पू कल्चरला दिला, म्हणजे जंतू वाढवून कुठलं औषध लागू पडतं ते बघायला. तीन दिवसांनी कागद हातात आला, औषधांची नावं एकाखाली एक आणि समोर आर, आर, आर. आर म्हणजे रेझिस्टंट, जंतू त्या औषधाला दाद देत नाही. एस, म्हणजे औषध लागू, फक्त दोन ठिकाणी, त्यातलं एक किडनीला जड. तेव्हापासनं डोक्यात एकच, सांगलीत हळदीचा एवढा मोठा बाजार, २०१८ ला जीआय, म्हणजे गावाच्या नावाचा सरकारी शिक्का पण मिळाला, सह्याद्री उशाला, आणि आपण वाट बघतोय कंपन्यांची, ज्या अँटिबायोटिकमधनं अंग काढून घ्यायलेत कारण सात दिवसांच्या कोर्समध्ये नफा काय राहणार? वनस्पतींवर सरकारनी दणकून पैसा लावावा असं माझं मत. बोला.

कराडची_मायक्रोवाली
एमएस्सीला आम्ही प्रत्येकानी एकेक झाड धरून हेच प्रोजेक्ट केलं, माझी निरगुडी. जंतूंच्या प्लेटवर अर्क टाकायचा, भोवती मोकळा गोल पडतो, पट्टीनी मोजायचा, बाइंडिंग, व्हायवा, संपलं. प्लेटवर मरतं ते रक्तात मरेलच असं नसतं. हळदीतलं कर्क्युमिन पोटातनं रक्तात जवळपास पोचतच नाही. वापरातली बहुतेक अँटिबायोटिकं मातीतल्या जंतूंकडनं नायतर बुरशीकडनं आलीत, स्ट्रेप्टोमायसिन १९४३ ला मातीतनंच. झाडापासनं आलेलं आणि सेप्सिसला, म्हणजे इन्फेक्शन अंगभर भिनलं की, सलाईनमधनं देतात असं एक सांगा.

वाईकर_काढेवाला
ताई, मलेरियाचं क्विनाइन कुठनं आलं, सिंकोनाच्या सालीतनंच ना? मलेरियाच्याच आर्टेमिसिनिनसाठी चीनच्या तू यूयू बाईंना २०१५ ला नोबेल मिळालं, जुन्या चिनी ग्रंथात पाण्यात भिजवून रस पिळून घ्या असं लिहिलेलं, त्यावरनं त्यांना सुचलं की उकळल्यानं गुण जातोय. आपल्याकडचं मात्र लगेच थोतांड.

कराडची_मायक्रोवाली
थोतांड कुठं म्हटलं मी? आणि मलेरियाचा जंतू बॅक्टेरिया नाही हो दादा, तो वेगळाच प्राणी. पण तुमच्या बाजूचा मुद्दा मीच देते. दारुहळदीत, म्हणजे आपली हळद नव्हे, ते वेगळं झुडूप, त्यात बर्बेरीन असतं, पिवळं. ते स्टॅफ नावाच्या, जखमेत पू करणाऱ्या जंतूच्या आत शिरलं की जंतू पंप लावून बाहेर फेकतो. २००० साली अमेरिकेत दाखवलं की त्याच कुळातली झुडपं अजून एक पदार्थ बनवतात, तो एकटा जंतूला काही करत नाही, फक्त पंप तुंबवतो, मग बर्बेरीन आत राहून काम करतं. म्हणजे झाड जोडीनं लढतंय, आणि आपण एकेक पदार्थ सुटा काढून म्हणतो यात दम नाही. पैसा लावायचा तर इथं लावा, जुन्या अँटिबायोटिकला जोडीदार शोधायला. पण क्लेब्सिएलासारख्या जंतूंना बाहेरनं जादा आवरण असतं, तिथं हे पण अवघड. अण्णांच्या कागदावर कुठला जंतू आहे?

आटपाडीचा_डाळिंबवाला
तुमचा पंप ऱ्हाऊ द्या, आमच्या पाठीवरच्या पंपाचं बोला. डाळिंबावर तेल्या, म्हणजे जंतूचा रोग दिसला की स्ट्रेप्टोमायसिन मारायचं, वर्षानुवर्षं मारलंय, मी पण मारलंय. गायीला दगडी झाली, म्हणजे कास सुजली की सडात अँटिबायोटिकची ट्यूब, मग दूध डेअरीला घालायचं नसतंय, पण बाजूला काढतंय कोण? मेडिकलवाल्यानी चिठ्ठी बघून वहीत नोंद करायची असा नियम २०१४ पासनं हाय म्हणं, आमच्याकडं तर नुस्तं ताप सांगितलं की पट्टी फाडून देत्यात. उद्या झाडाचं भारी औषध निघालं तर ते बी असंच उधळणार की आपण. आन् झाडं तरी ऱ्हातील का? नरक्या नावाच्या झाडातनं कॅन्सरचं औषध मिळतंय कळल्यावर घाटातली झाडं मुळासकट तोडून नेली लोकांनी.

वाईकर_काढेवाला
नरक्याचं खरंय. पण लोक उधळतात म्हणून शोधायचंच नाही, हे मला पटत नाही.

मिरजेचा_नातू
क्लेब्सिएलाच आहे ताई, आत्ता कागद बघितला. आमची आत्या मधल्या काळात पट्टी सोडून हळद-तुपाचा लेप लावून गेली, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ते पिवळं पुसून काढायला अर्धा तास घालवला आणि माझी हजामत केली ती वेगळीच. लेप आता बंद. पण ते पंप तुंबवणारं २००० साली सापडलं म्हणता, मग पंचवीस वर्षं उलटली तरी त्याची गोळी मेडिकलमध्ये का नाही? पैसा लावला नाही म्हणूनच ना? उत्तर लिहून ठेवा, मी ड्रेसिंगला निघालोय.