मदत हवी आहे: क्रीम न घालता रिसोटो पानात वाढेपर्यंत सरसरीत कसा ठेवायचा?

नमस्कार मंडळी,

ॲस्परॅगस, कोवळे मटार, फावा बीन्स, झुकिनी आणि पातीचा कांदा अशा वसंतातल्या भाज्या घालून रिसोटो करायचा आहे. सहा जण जेवायला आहेत आणि सगळे एकदमच बसणार, म्हणून आधी इथल्या जाणकारांना विचारून घेते. रिसोटो हा इटालियन भाताचा प्रकार मला मनापासून आवडतो. प्रत्येक दाणा दाताखाली वेगळा कळतो आणि तरी सगळं एकमेकांत मिळून आलेलं असतं, तसा तो घरी जमवायचा आहे.

सध्याची पद्धत अशी: लोण्यात बारीक चिरलेला कांदा मऊ करायचा, त्यावर न धुतलेला आर्बोरिओ तांदूळ परतायचा, व्हाइट वाइन घालून आटवायची, मग गरम स्टॉक (भाज्या उकळून गाळलेलं पाणी) एकेक पळी घालत ढवळत राहायचं. तांदूळ अर्धा शिजला की भाज्या, शेवटी लोणी आणि पार्मेजान चीज.

गॅसवर असतो तोवर अगदी हवा तसा दिसतो. वाढून होईपर्यंत मात्र आळतो आणि दोन घास खाईतो पानात गोळा झालेला असतो. बऱ्याच पाकृंमध्ये यावर क्रीम घालायला सांगितलंय. मला ते टाळायचंय, कारण क्रीम पडलं की मटार काय आणि ॲस्परॅगस काय, सगळ्याची चव एकसारखी बोथट होते. दुसरी अडचण रंगाची, भाज्या शेवाळी दिसायला लागतात. बाहेरून दाणा मऊ आणि आत कणी असंही होतं, तर तांदूळ बदलायला हवा का? आणि ढवळणं खरंच अखंड लागतं का?

शिवाय पाहुण्यांपैकी एकजण वाइन अजिबात घेत नाहीत आणि दोघीजणी पूर्ण शाकाहारी आहेत. त्या दृष्टीने काही बदल करायचा असेल तर तोही सांगा.

प्रतिसाद

गॅसवर "हवा तसा" दिसतो, तिथेच तुमचं उत्तर आहे. रिसोटो थंड व्हायला लागला की स्टार्च आळतो, आणि दाणे गॅस बंद झाल्यावरही रस पीत राहतात. त्यामुळे पातेल्यात बरोबर दिसणारा रिसोटो पानात घट्ट होणारच. गॅस बंद करताना तो तुम्हाला जरा जास्तच पातळ वाटला पाहिजे. चमचाभर ताटलीत घालून ताटली तिरकी करा. हळूहळू ओघळत गेला तर ठीक, जागेवर ढीग राहिला तर अजून अर्धी पळी स्टॉक.

आता शेवटची पायरी. इटलीत तिला मांतेकातुरा म्हणतात आणि माझ्या मते अर्धा रिसोटो तिथे होतो. दाण्याच्या पोटात अगदी बारीकशी कणी आहे असं वाटलं की पातेलं गॅसवरून उतरवायचं. मिनिटभर हात लावायचा नाही. मग फ्रीजमधून काढलेल्या थंड लोण्याचे लहान तुकडे घालून जोरात घोटायचं, पातेलंही पुढेमागे हलवायचं. त्यानंतर बारीक किसलेलं चीज, पुन्हा घोटायचं. लोण्यातली चरबी, स्टॉकमधलं पाणी आणि तांदळातून सुटलेला स्टार्च यांचं इथे इमल्शन होतं, म्हणजे एकजीव दाटसर मिश्रण. क्रीमकडून जे काम करून घ्यायचं असतं ते याने होतं, आणि चव भाज्यांचीच राहते. हेच लोणी गॅसवर, उकळत्या भातात घातलं तर ते नुसतं वितळतं, वर तेल तरंगतं, चीजच्या तारा आणि गुठळ्या होतात.

सहा जणांना साधारण ४५० ग्रॅम तांदूळ, पावणेदोन लिटर स्टॉक, ७० ग्रॅम लोणी आणि ८० ते ९० ग्रॅम चीज असा अंदाज धरा. स्टॉक सगळा लागेलच असं नाही, पण घोटून झाल्यावर सैल करायला एक पळी गरम स्टॉक हाताशी हवाच. ताटल्या पसरट घ्या आणि आधी गरम करून ठेवा. थंड ताटलीत रिसोटो लगेच बसतो.

प्रतिसाद

तांदळाबद्दल. आर्बोरिओचा दाणा मोठा, बाहेरचा भाग लवकर मऊ होतो आणि "झाला" ते "जास्त झाला" यातलं अंतर फार थोडं. कार्नारोली या तांदळात अमायलोज (स्टार्चचा एक प्रकार) जास्त असल्यामुळे दाणा आकार धरून ठेवतो आणि तुम्हाला मिनिटा-दोन मिनिटांची सवड मिळते. पाहुणे असताना ही सवड फार मोलाची. ही जात १९४५ मधली, मिलानजवळच्या पाउल्लोची. तिसरा पर्याय म्हणजे व्हेरोनाच्या बाजूचा व्हियालोने नानो. दाणा लहान, रस भरपूर पितो, आणि त्या वेनेतो प्रांतात भाज्यांचे सरसरीत रिसोटो त्याचेच करतात. तुमच्या बेताला मी तोच निवडला असता.

घरात आर्बोरिओच असेल तर तोही चालेल. फक्त वाइन आटल्यापासून चौदाव्या मिनिटाला चाखायला सुरुवात करा आणि मग दर मिनिटाला चाखा. बाहेर मऊ आणि आत कणी हे बहुतेक वेळा आच मोठी असल्यामुळे किंवा स्टॉक थंड असल्यामुळे होतं. शेजारच्या शेगडीवर स्टॉक मंद उकळता असू द्या.

प्रतिसाद

भाज्यांवर कोणी लिहिलं नाही अजून, म्हणून मी लिहिते. वसंतातल्या रिसोटोत मला तरी त्याच सगळ्यात महत्त्वाच्या वाटतात.

रंग जातो तो उष्णता आणि आंबटपणा या दोन्हींमुळे. क्लोरोफिलमधलं मॅग्नेशियम निघून गेलं की हिरव्याचं शेवाळी होतं. पातेल्यात वाइन आहे, वर भाज्या सात-आठ मिनिटं शिजतायत, मग रंग टिकणार कसा? म्हणून भाज्या तांदळाबरोबर शिजवूच नका. भरपूर खारट पाण्याला खळखळून आधण येऊ द्या. ॲस्परॅगसचे शेंडे दोन मिनिटं, मटार एक-दीड मिनिट, फावा बीन्स दोन मिनिटं, आणि लगेच बर्फाच्या पाण्यात. फावा बीन्सचं वरचं जाडसर साल चिमटीत दाबलं की आतली हिरवीगार डाळ बाहेर येते. हे साल काढायचा कंटाळा करू नका, ते चिवट असतं आणि कडसर लागतं. सगळं नीट निथळून ठेवा आणि गॅस बंद करायच्या दोन मिनिटं आधी भातात घाला, नुसतं गरम होण्यापुरतं.

झुकिनीची गोष्ट वेगळी. तिला पाणी सुटतं, म्हणून ती वेगळ्या तव्यावर मोठ्या आचेवर, थोड्या ऑलिव्ह तेलात भराभर परता. कडा जरा सोनेरी झाल्या की बास. पातीच्या कांद्याचा पांढरा भाग सुरुवातीला लोण्यात, हिरवी पात अगदी शेवटी.

ॲस्परॅगसचे मधले थोडे देठ मी पातळ चिरून मुद्दाम सुरुवातीलाच कांद्याबरोबर घालते. त्यांचा रंग जातो, जाऊ दे. चव सगळ्या भातात उतरते. आणि दोन मुठी ब्लांच केलेले (म्हणजे वर सांगितलं तसे उकळून बर्फाच्या पाण्यात टाकलेले) मटार थोड्या स्टॉकमध्ये वाटून, गाळून ठेवते. लोण्याच्या आधी ते वाटण घातलं की भात फिकट हिरवा होतो आणि क्रीमशिवाय आणखी मऊपणा येतो. तुमचा मूळ प्रश्न हाच आहे, म्हणून हे जरूर करून पाहा.

स्टॉकही याच भाज्यांचा करा. ॲस्परॅगसचा खालचा चिवट भाग, मटारच्या शेंगांची सालं, लीकची पात, गाजर, सेलरी, अर्धा तास मंद आचेवर. व्हेनिसमध्ये मटार-तांदळाचा रीझी ए बीझी करतात तो शेंगांच्या सालांच्या स्टॉकमध्येच. पूर्वी २५ एप्रिलला, सेंट मार्कच्या दिवशी, तो तिथल्या डोजेच्या, म्हणजे व्हेनिसच्या शासकाच्या पानात वाढला जायचा. त्या एका स्टॉकने चवीत जो फरक पडतो तो वरून कितीही चीज घातलं तरी पडत नाही. कोबी, फ्लॉवर मात्र स्टॉकमध्ये नको, बाकी सगळं झाकून टाकतात.

धागाकर्ती

किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी! मटारचं वाटण आणि शेंगांच्या सालांचा स्टॉक दोन्ही नक्की करणार. कार्नारोली मिळतो, तोच आणते.

ढवळण्याबद्दल आणि वाइनबद्दल अजून कोणी सांगू शकेल का? आणि पाहुणे आल्यावर वीस मिनिटं गॅसपाशीच उभं राहावं लागेल, त्याला काही तोड आहे का?

प्रतिसाद

अखंड ढवळायची गरज नाही. दाणे एकमेकांवर घासले की स्टार्च सुटतो हे खरं, पण रिसोटोला लागणारा बराचसा स्टार्च दाण्याच्या पृष्ठभागावरच असतो. खात्री करायची तर कच्चा तांदूळ थंड स्टॉकमध्ये चोळून पाहा, स्टॉक लगेच दुधाळ होतो. तांदूळ धुवायचा नाही तो यासाठीच. अर्ध्या-एक मिनिटाने बुडापासून एकदा फिरवलं तरी पुरतं. शेवटच्या चार-पाच मिनिटांत मात्र हात चालू ठेवा. फार जोरात आणि सतत ढवळलं तर दाणे मोडतात आणि लगदा होतो.

परतण्याबद्दलही एक सांगतो. दाण्याच्या कडा पारदर्शक झाल्या आणि तांदूळ हाताला चांगला गरम लागला की थांबा. लालसर होईपर्यंत परतलं तर खमंग वास येतो, पण स्टार्चची आळायची ताकद कमी होते. भाज्यांच्या रिसोटोत तो खमंगपणा हवाच असं नाही.

सहा जणांचं करताना पातेलं पसरट आणि जाड बुडाचंच घ्या. उभ्या पातेल्यात खालचा तांदूळ शिजतो आणि वरचा तसाच राहतो.

प्रतिसाद

वाइन शिजवल्यावर त्यातलं अल्कोहोल पूर्ण उडून जात नाही. त्यामुळे जे घेत नाहीत त्यांच्यासाठी ती घालूच नका, सगळ्यांसाठीच बिनवाइनचा करा. वाइनचं काम आंबटपणा आणायचं. ते शेवटी लिंबाने होतं: लोण्याबरोबर सालीचा कीस, आणि रस अगदी वाढताना, थोडासा. आधी पिळलात तर वर म्हटलंय तसा रंग जाईल. आंबट लोणी हाही एक सुंदर मार्ग आहे. बारीक चिरलेला कांदा व्हाइट वाइन व्हिनेगरमध्ये आटवायचा, त्यात लोणी फेटायचं, गाळून गार करायचं आणि शेवटी साध्या लोण्याच्या जागी ते वापरायचं. मिलानचे शेफ ग्वाल्तिएरो मार्केझी त्यांच्या रिसोटोत असंच आंबट लोणी वापरत. कांद्याचे तुकडे भातात येत नाहीत आणि चव फार स्वच्छ लागते. व्हिनेगर चालतं ना, एवढं पाहुण्यांना विचारून घ्या.

शाकाहारी मैत्रिणींसाठी चीजकडे लक्ष द्या. अस्सल पार्मेजान, म्हणजे पार्मिजानो रेज्जानो, त्याच्या नियमाप्रमाणे वासराच्या रेनेटनेच (जठरातून मिळणाऱ्या, दूध घट्ट करणाऱ्या विरजणाने) केलं जातं. ग्राना पादानोचंही तेच. सूक्ष्मजीवांपासून मिळवलेलं रेनेट वापरलेलं कडक चीज मिळतं, वेष्टनावर वाचून तेच घ्या.

प्रतिसाद

पाहुण्यांचं म्हणाल तर रेस्टॉरंटमध्ये करतात तेच करा. तांदूळ साधारण दोन तृतीयांश शिजला, म्हणजे दहा-अकरा मिनिटं झाली, की गॅस बंद करून मोठ्या ताटात पातळ थर पसरायचा. लवकर गार होऊ द्यायचा आणि झाकून फ्रीजमध्ये. आयत्या वेळी उकळता स्टॉक घालून पाच-सहा मिनिटांत पुरा करायचा, मग भाज्या, मटारचं वाटण, लोणी, चीज. चवीत फरक पडतो, पण फार थोडा, आणि तुम्ही पाहुण्यांबरोबर बसू शकता. अर्धवट शिजलेला भात ओट्यावर तासन्‌तास ठेवू मात्र नका. शिजवल्यावरही जगणारे जिवाणू असतात आणि कोमट भातात ते वाढतात. पोट बिघडायला तेवढं पुरतं.

धागाकर्ती

हे फार कामाचं आहे, आदल्या दिवशी नाही पण त्याच सकाळी करून ठेवते. आंबट लोणीही तेव्हाच. शेवटचे दोन बारीक प्रश्न: ताजे मटार पुरेसे मिळाले नाहीत तर फ्रोझन चालतील का? आणि मीठ कधी घालायचं?

प्रतिसाद

चालतील. फ्रोझन मटार आधीच ब्लांच केलेले असतात, पुन्हा उकळू नका. वाटणासाठी फ्रोझन घ्या आणि ताजे असतील ते अख्खे वर घाला. शेंगांच्या साली कमी पडल्या तर ॲस्परॅगसचे तळाचे तुकडे जास्त घाला स्टॉकमध्ये.

मिठाचं असं, की स्टॉक अळणीच वाटेल इतपत ठेवा. पावणेदोन लिटर आटत आटत भातात जाणार आहे, शिवाय चीज खारट आणि भाज्याही खारट पाण्यातून निघालेल्या. चीज घोटून झाल्यावर चाखा आणि मगच मीठ घाला. आणि सैल करायला जी पळी राखून ठेवाल ती घालून झाल्यावर पुन्हा एकदा चाखा.