उत्तर: दही खाल्लं की सेरोटोनिन मेंदूत जातं?

वर कुणीतरी लिहिलंय की शरीरातलं ९० टक्के सेरोटोनिन (मेंदूत निरोप पोचवणारं, मूडशी जोडलेलं रसायन) आतड्यात बनतं, म्हणून दही खा, स्मरणशक्ती वाढेल. पहिला भाग बरोबर, पण ते सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही, मधे रक्त-मेंदू अडसर आहे, म्हणजे रक्तातल्या बऱ्याच गोष्टी मेंदूबाहेरच अडवणारी गाळणी. आतड्याचा निरोप मेंदूला जातो तो बराचसा व्हेगस नसेतून, म्हणजे मेंदू आणि पोट जोडणाऱ्या मज्जातंतूतून. २०११च्या प्रयोगात एका लॅक्टोबॅसिलसमुळे (दह्यात असतात त्या गटातला जिवाणू) उंदरांची भीती कमी झाली, ती नस कापल्यावर परिणामच गायब! माणसांत म्हणाल तर २०१६ साली इराणमध्ये अल्झायमरच्या ६० रुग्णांवर १२ आठवडे चाचणी झाली. प्रोबायोटिक (उपयोगी जिवंत जिवाणू घातलेलं) दूध घेणाऱ्यांचे स्मृतिचाचणीतले गुण थोडे सुधारले. पण ६०च माणसं हो, त्यावर कितीसं बोलणार?

आता आमच्या खानापूरकडची गोष्ट. आई नाचणीचं पीठ रात्री आंबवते आणि सकाळी आंबील शिजवते. उकळली की जिवाणू मेले! मात्र निवल्यावर ती वरून घरचं ताक घालते, त्यात जिवंत असतात. कढी मात्र उकळते, म्हणून तिच्यातलेही मेलेच, फोडणी कितीही खमंग असो. बेळगावात औषधाच्या दुकानातून प्रोबायोटिकच्या महागड्या कॅप्सूल आणण्याआधी मी तरी ताकाचा तांब्याच उचलेन. विसरभोळेपणा खरंच वाढला असेल तर बी-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासून घ्या, शाकाहारी घरात तर आधी बी-१२.