चंदीगड: जन मार्ग चालत बघण्यासारखा आहे का?

नाशिकचा_भटक्या:
नमस्कार मंडळी, मार्चमध्ये ऑफिसच्या कामाने चंदीगडला जातोय आणि एक अख्खा दिवस मोकळा मिळतोय. आर्किटेक्ट ल कॉर्ब्युझिएने आखलेलं शहर बघायची खूप वर्षांची इच्छा आहे. मॅपवर जन मार्ग, मध्य मार्ग, दक्षिण मार्ग असे मोठे रस्ते दिसतात. सेक्टर १७ पासून जन मार्गाने सरळ कॅपिटॉलपर्यंत, म्हणजे विधानसभा-हायकोर्टच्या इमारती आहेत तिथपर्यंत, चालत जायचं म्हणतोय, पण मित्र म्हणतो नुसते रुंद रस्ते, सर्कल आणि झाडं, दुसरं काही दिसत नाही. खरंय का? आणि ते सेक्टरचे नंबर कसे लक्षात ठेवायचे?

ट्रायसिटीत_मराठी:
इथे बरीच वर्षं राहतेय म्हणून लिहिते. मित्राला तसं दिसलं असणार, कारण त्याने शहर गाडीतून बघितलं असेल. इथे रस्त्यांचे व्ही-१ ते व्ही-७ असे प्रकार पाडलेत. जन मार्ग, मध्य मार्ग हे व्ही-२, सेक्टरच्या भोवतीने जाणारे वेगवान रस्ते व्ही-३, आणि सेक्टरच्या आतून जाणारा बाजाराचा रस्ता व्ही-४. व्ही-३ वर कुठल्याही घराचं दार उघडायचं नाही असा नियमच होता, त्यामुळे तिथे भिंती आणि झाडंच दिसणार. माणसं दिसतात ती व्ही-४ वर. तिथली दुकानं मुळात एकाच बाजूला आखलेली, सावलीच्या, म्हणजे खरेदीसाठी सारखा रस्ता ओलांडायला नको. मला विचाराल तर शहर आखणाऱ्यांचं सगळ्यात शहाणपणाचं काम हेच आहे आणि टुरिस्ट नेमकं तेच बघत नाहीत.

म्हणून जन मार्गाच्या फुटपाथने जाऊ नका, त्याला जवळपास समांतर बागांची लेझर व्हॅली आहे तिच्यातून जा. सेक्टर १६ चं रोझ गार्डन, मग मध्य मार्ग ओलांडून सेक्टर १० ची बाग आणि तिथलं म्युझियम, तिथून वर कॅपिटॉल. मार्चमध्ये गुलाब आणि कांचन दोन्ही मिळतील. बहावा मात्र मे-जूनमध्ये फुलतो, तेव्हा काही रस्ते नुसते पिवळे होतात. झाडांचं नियोजन एम. एस. रंधावा या सनदी अधिकाऱ्याने मन लावून केलं, कुठल्या रस्त्याला कुठलं झाड इथपर्यंत, त्यांचं नाव कॉर्ब्युझिएइतकंच घेतलं पाहिजे.

सायकल_सातारा:
ताईंनी लिहिलंय ते पटतं पण दुसरी बाजू पण सांगतो. सेक्टर साधारण ८०० बाय १२०० मीटरचा, म्हणजे "पुढच्या सेक्टरला" म्हटलं तरी चांगली पायपीट होते, आणि मोठ्या सर्कलवर गाड्या थांबतच नाहीत तिथे म्हाताऱ्या माणसाने रस्ता कसा ओलांडायचा? हे शहर गाडीवाल्यांना सोपं जातं. तुम्ही सायकल भाड्याने मिळाली तर घ्याच, मोठ्या रस्त्यांना सायकल ट्रॅक आहेत.

आणि वेळ काढून सेक्टर ४५ मधल्या बुडैल गावात जा. हे गाव या आखणीच्या आधीचं. भोवती सरळ रेषा आणि आत अरुंद गल्ल्या, घराला घर लागलेलं, खाली दुकान वर भाडेकरू. कमी पगारावर काम करणारे कितीतरी लोक अशाच गावांत राहतात कारण सेक्टरमधलं भाडं परवडत नाही. हे न बघता चंदीगड बघितलं म्हणणं मला तरी चुकीचं वाटतं.

नाशिकचा_भटक्या:
दोघांचेही आभार, बुडैल लिस्टमध्ये टाकलं. पण जन मार्ग अजिबातच सोडून देऊ का?

ट्रायसिटीत_मराठी:
नाही नाही, मटका चौकात पाच मिनिटं थांबाच. ९, १०, १६ आणि १७ हे चार सेक्टर तिथे भेटतात, जन मार्ग आणि मध्य मार्गाचा चौक तो. उत्तरेकडे बघितलं की रस्ता कॅपिटॉलकडे जातो आणि हवा स्वच्छ असेल तर मागे शिवालिकचे डोंगर दिसतात. नंबरांचंही तिथेच कळेल, मॅपवर ९ च्या खाली १७ आणि १० च्या खाली १६, दोन्हीची बेरीज २६. १७ च्या खाली २२, बेरीज ३९. जुन्या भागात बऱ्याच ठिकाणी वर-खालच्या सेक्टरची बेरीज अशी १३ च्या पटीत येते. खुद्द १३ नंबर मात्र मूळ आराखड्यात नव्हताच.

आर्किटेक्ट_कोल्हापूर:
कॅपिटॉलला ओळखपत्र घेऊन जा, आत गाईडसोबतच सोडतात. हायकोर्ट, विधानसभा आणि २५४ मीटर लांबीचं सचिवालय, या तिघांमध्ये प्रचंड मोकळी जागा आहे. राज्यपाल भवन तिथेच व्हायचं होतं, ते बांधलंच नाही. ओपन हँड हा उघड्या पंजाचा मोठा पुतळासुद्धा कॉर्ब्युझिए गेल्यावर वीस वर्षांनी, १९८५ मध्ये उभा राहिला. दुपारी काँक्रीट भयंकर तापतं, म्हणून सकाळची टूर घ्या आणि बुडैल संध्याकाळी करा, तेव्हा बाजार भरात असतो.