बटरक्रीम ट्रान्सफर गुळगुळीत येईना गेलीय, काय चुकतंय? (लातूर, खर्च ४०० पर्यंत)

सई_लातूर:
नमस्कार मंडळी. भाच्याचा पहिला वाढदिवस १८ मेला आहे, औशाजवळच्या गावी. दारात निळा ट्रॅक्टर उभा आहे म्हणून बहिणीला केकवरही तोच पाहिजे. फ्रोझन बटरक्रीम ट्रान्सफर, म्हणजे क्रीमचं चित्र गोठवून केकवर पालथं घालायचं, ती दोनदा करून बघितली. चित्रावर बटर पेपर, त्यावर काळी बॉर्डर, आत रंग, मागून क्रीमचा थर, मग फ्रीजर. पेपर सोडवला तर बॉनेटवर देवीच्या वणांसारखे खड्डे, चाकाची काळी रेघ पेपरलाच चिकटलेली आणि निळ्याचं झालं शेवाळं. १०० ग्रॅम बटरला २०० ग्रॅम आयसिंग शुगर घेते. फ्रीज साधा, सिंगल डोअर. ४०० च्या वर खर्च जमणार नाही.

नांदेडची_बेकर:
डीप फ्रीजर घ्या. मी मागच्या दिवाळीत घेतला, तेव्हापासून ऑर्डरी लई वाढल्या. त्याशिवाय हे काम होत नाही.

पेढेवाला_धाराशिव:
मेमध्ये बटरक्रीम? बटर ३२ ते ३५ डिग्रीला वितळतं आणि आपल्याकडं सावलीत ४१ असतं. पोराला पेढा द्या, फोटोपुरता ट्रॅक्टरवर बसवा.

आजीच्या_हातचं:
विकतचं बटर कशाला? घरचं लोणी पांढरंशुभ्र असतं, निळा रंग निळाच राहील.

परभणी_होमबेकर:
ताई, लोण्याच्या नादी लागू नका. कितीही धुतलं तरी त्यात पाणी राहतं आणि साखर पडली की सुटतं. शेवाळ्याचं कारण वेगळंय. तुम्ही पिवळं, मिठाचं बटर घेतलंय ना? पिवळ्यात निळा पडला की हिरवट होणारच. बिनमिठाचं घ्या, फिकट होईपर्यंत सात-आठ मिनिटं फेटा, मग टूथपिकच्या टोकावर येईल एवढाच जांभळा जेल रंग घाला. पिवळेपणा मरतो. पाण्याचे रंग नको, क्रीम सैल पडते.
खड्डे हवेचे आहेत. फेटून झाल्यावर मशीन बंद करायचं आणि लाकडी चमच्यानं भांड्याच्या कडेला दाबत चार मिनिटं हळू घोटायचं. बटर पेपर ओलाव्यानं सुरकुततो, म्हणून मी ओएचपी शीट (पारदर्शक प्लास्टिकचा कागद) घेते, गंजगोलाईत कुठल्याही स्टेशनरीत मिळेल. तिचा खरा फायदा असा, की रंग भरून झाल्यावर शीट उचलून खालून बघता येतं. जिथं पांढरट ठिपका दिसेल तिथं वरून बोटानं दाबायचं. मी एकदा चाकाखाली असे अकरा ठिपके मोजले होते.

आजीच्या_हातचं:
आमच्याकडं कधी सुटलं नाही. लोणी नीट धुवायला येत नसेल तर लोण्याला नावं ठेवू नयेत.

जालना_केकघर:
ओएचपी शीट खाण्यासाठी नसते हो! बेकिंग पेपरच वापरा. आणि चित्र उलटं प्रिंट करा. मी 'वेद' सरळ छापलं होतं, केकवर उलटं उमटलं. पाहुणे मोबाइलमध्ये फोटो फिरवून वाचत बसले.

परभणी_होमबेकर:
बरं, केकसाठीची अ‍ॅसिटेट शीट घ्या, तीही पारदर्शकच असते. काळ्या रेघेचं राहिलं होतं. पांढऱ्या क्रीममध्ये काळा रंग ओतत बसलं की ती चिकट होते. आधी कोको घालून तपकिरी करा, मग थोडाच काळा, आणि आदल्या दिवशी करून ठेवा, रात्रीतून गडद होतो. बॉर्डर काढली की १० मिनिटं फ्रीजर, मगच आतले रंग. मागचा थर बॉर्डरच्या कडेपर्यंत न्या, नाहीतर कड तुटते. सिंगल डोअरमध्ये तीन तास तरी ठेवा, खाली सपाट फरशीचा तुकडा घ्या. पेपर सुटताना जरा जरी चिकटला तरी ओढू नका, परत आत ठेवा.

बीडचा_खवय्या:
एवढा उपद्व्याप? साखरेच्या शीटवर फोटो छापून मिळतो, चिकटवा की झालं. माझ्या पोरीच्या वाढदिवसाला दुकानदारानं दुसऱ्याच पोरीचा फोटो छापला, ती गोष्ट वेगळी.

नांदेडची_बेकर:
म्हणूनच म्हणते, डीप फ्रीजर.

जालना_केकघर:
निम्मं बटर, निम्मा डालडा घ्या. उन्हात तग धरतो.

पेढेवाला_धाराशिव:
आणि टाळूला चिकटतो. संध्याकाळपर्यंत जिभेवर वाढदिवस.

परभणी_होमबेकर:
ट्रान्सफर लातूरलाच केकवर बसवा. गोठलेली चकती गाडीत नेऊ नका. बाहेर काढली की पाणी सुटतं, काळा रंग निळ्यात उतरतो.

सई_लातूर:
सगळ्यांचे आभार. काल बिनमिठाच्या बटरची, जांभळ्या ठिपक्याची करून बघितली. निळा आला! खालून बघितलं तर हेडलाइटजवळ तीन ठिपके, दाबून बुजवले. डालडा घालणार नाही, सासूबाईंना लगेच कळतो. चित्र सहा इंचांचंच करतेय, त्याहून मोठी फरशी आमच्या फ्रीजरात मावत नाही, बर्फच आडवा येतो.
पण ट्रान्सफर गावीच बसवणार. औसा २० किलोमीटर, पुढं कच्चा रस्ता. बसवलेला केक मांडीवर घेऊन गेले तर ट्रॅक्टर वाटेतच घसरेल. मेडिकलवाल्यानं थर्माकोलचा डबा फुकट दिलाय. चकती प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून दोन बर्फाच्या पिशव्यांमध्ये ठेवीन. गावात लाइट दुपारी जाते, म्हणून केक सकाळी दहाला कापायचा ठरलाय.

परभणी_होमबेकर:
पाणी सुटणार बघा. टिश्यू तरी जवळ ठेवा, आणि पुसू नका, नुसता टेकवा.

पेढेवाला_धाराशिव:
फोटो टाका. चिखलात रुतलेला आला तरी चालेल, ट्रॅक्टरच आहे.