मदत हवी आहे: ३३३६६७ मूळ संख्या आहे हे हाताने कसं दाखवायचं?

नऊ एक्के ओळीने लिहून त्या संख्येचा वर्ग केला की १२३४५६७८९८७६५४३२१ येतो. चढून उतरणारी ही संख्या बघून मी तिचे अवयव पाडायला बसलो, आणि अडकलो.

वर्गमूळ १११११११११. अंकांची बेरीज ९, म्हणजे ९ ने भाग जाणारच. भागाकार १२३४५६७९ (८ गायब!). त्याला ३७ ने भागलं की ३३३६६७ उरतो. ही मूळ संख्या आहे असं संगणक सांगतो. तसं असेल तर मोठ्या संख्येचे अवयव ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग. एकूण विभाजक ५ × ३ × ३ = ४५.

पण मला ते कागदावर सिद्ध करायचंय. ३३३६६७ चं वर्गमूळ ५७७ च्या जरा पुढे, म्हणजे शंभरावर मूळ संख्यांनी भागून बघायचं. ७ ने बाकी ५, १३ ने ९, १७ ने ८, १९ ने पुन्हा ८... इथेच कंटाळलो.

एक धागा सापडलाय: ३३३६६७ ची तिप्पट १००१००१ होते, आणि तिला ९९९ ने गुणलं की नऊ नव्वे मिळतात. त्यावरून वाटतं की १८ ने भागल्यावर बाकी १ उरणाऱ्या मूळ संख्याच तपासल्या तरी पुरे. मग १९, ३७, ७३, १०९ अशा जेमतेम सतराच उरतात. हा तर्क बरोबर आहे का? असेल तर का, हे कुणी पायरीपायरीने सांगेल का? फर्माचा छोटा सिद्धांत (मूळ संख्या p ने भाग न जाणाऱ्या संख्येच्या p−१ व्या घाताला p ने भागलं की बाकी १ उरते) माहीत आहे, त्यापुढचं फारसं नाही.

जाता जाता: दहा एक्क्यांच्या वर्गात हा डौल मोडतो, पण तो हातच्यामुळे, ते कळलं.